कागदावरचा बाप

मागच्या रमजानमध्ये केपटाउनहून एका लांबच्या भावाचा फोन आला. त्यांच्या घराण्याची तिथली ही चौथी पिढी. मराठी त्याला येत नाही, कोकणीतले चार-दोन शब्द तेवढे घरात टिकलेत. त्याने सरळच विचारलं, "आपा, आमच्या पणजोबांच्या कागदांवर बापाचं नाव एक आहे आणि तुम्ही जयगडची माणसं भलतंच नाव सांगता. खरं कोणतं?"

मी म्हटलं, कागदावरचं खोटं आणि आमचं खरं. तो गप्प झाला. मग मला दादीकडून ऐकलेलं सगळं त्याला सांगावं लागलं.

त्याचे पणजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. 1920 च्या सुमारास, बारा वर्षांचे असताना ते केपला गेले. जयगडच्या धक्क्यावरून पडावाने आगबोटीपर्यंत, आगबोटीने मुंबई आणि तिथून आफ्रिका. आमच्या भागातल्या पुरुषांना समुद्र नवा नव्हता. मुंबईत बोटींवर डेकच्या कामाला जी माणसं घेत, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान खूप असत. सारंग, तांडेल, खलाशी हे शब्द आमच्या घरांत नात्यांच्या नावांसारखे वापरले जातात. पण बोटीवर जाणं वेगळं आणि परक्या देशात उतरून राहणं वेगळं.

दक्षिण आफ्रिकेने 1913 च्या कायद्याने नव्या हिंदी माणसांना दार जवळजवळ बंद केलं होतं. जो आधीपासून कायदेशीर राहत होता, त्याला बायको आणि सोळा वर्षांखालची मुलं आणता येत. पुतण्या आणता येत नसे. आमच्या या मुलाचा चुलता केपला होता. त्याने पुतण्याला मुलगा म्हणून नेलं.

दादी सांगायची, बोटीवर चुलता रोज त्याची उजळणी घेई. बापाचं नाव काय? भाऊ किती? घरामागे काय आहे? एक उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जयगडात राहिलेल्या सख्ख्या आईला आता चाची म्हणायचं, हेही त्यात होतं. पत्रं कुणाच्या हाती पडतील याचा भरवसा नव्हता. म्हणून तो पुढे घरी पत्र लिही, तेव्हाही मायना 'चाचीजान' असाच असे. ती चाची म्हणजे माझ्या दादीची सासू. मुलाचं पत्र वाचून घ्यायला ती दुसऱ्याच्या दारात जाई आणि स्वतःला चाची म्हटलेलं ऐकून घरी येई. तिचा इंतकाल झाला तोवर एकाही पत्रात 'अम्मा' आलं नाही.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. वेस्टर्न केप विद्यापीठात इतिहास शिकवलेल्या उमा धुपेलिया-मेस्त्री (या गांधीजींच्या पणती) यांनी केपच्या इमिग्रेशन खात्याच्या जुन्या फायलींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. केपटाउनला गेलेले कोकणी मुसलमान त्यांच्या लेखनात येतात. खोटे बाप आणि खोटे मुलगे या विषयावर त्यांचा एक स्वतंत्र निबंधच आहे. अधिकारी घरच्या माणसांबद्दल प्रश्न विचारत, उत्तरं ताडून पाहत, अंगठे घेत, फोटो चिकटवत. आज इतिहासाच्या अभ्यासकाला या फायली म्हणजे खजिना वाटतो, आणि तो आहेच. पण त्यातली उत्तरं भीतीने दिलेली आहेत. आमच्या पणजीचं दुःख त्या फायलीत कुठल्या रकान्यात बसणार?

त्याच केपटाउनमध्ये पुढे आणखी एक गोष्ट घडली. डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. तिथे मलायी, आफ्रिकी, हिंदी, सगळ्या तऱ्हेची माणसं शेजारी राहत. 11 फेब्रुवारी 1966 ला सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली. साठ हजारांहून अधिक माणसं उठवली आणि घरांवर बुलडोझर फिरवले. काही मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. 1985 मध्ये केपटाउन विद्यापीठाच्या इतिहास विभागाने मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू केला. टेपरेकॉर्डर घेऊन विद्यार्थी उठवलेल्या माणसांकडे जाऊ लागले. गल्ली कशी होती, नळावर कोण भेटे, सणाला काय शिजे, हे त्यांनी विचारलं. वर्णभेदाचं राज्य चालू असतानाच हे काम झालं.

म्हणजे प्रश्न दोघांनीही विचारले, अधिकाऱ्यानेही आणि विद्यार्थ्यानेही. घरात किती माणसं होती, हा प्रश्न तर दोघांचाही. पण एकाला उत्तर देताना माणूस स्वतःची आई लपवत होता आणि दुसऱ्याला उत्तर देताना पाडलेलं घर पुन्हा उभं करत होता. पुढे 1994 मध्ये हिरावलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला, तेव्हा जमीन कशी गेली याबद्दलचा ऐकीव पुरावाही न्यायालयाने विचारात घ्यावा, अशी तरतूद त्यात आली. वाडवडिलांकडून ऐकलेल्या गोष्टीला कायद्याने कान दिला.

आपल्याकडे काय आहे? आमच्या किल्ल्याचा इतिहास गॅझेटियरात मिळतो. आंग्रे सापडतात, 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला तेही सापडतं. मोहल्ल्यातल्या बायका सापडत नाहीत. खाडीकाठचं जयगडही आता बदललं आहे. मोठं बंदर आलं, वीज प्रकल्प आला. कुठल्या कातळाला काय म्हणत, आगबोटीची माणसं कुठे उतरत, हे सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गातल्या मुलांना मोबाइल घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवलं. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी हिरमुसून आली. तिच्या नानीने विचारलं होतं, "हे कागदांसाठी आहे काय गो?" 2019-20 च्या हिवाळ्यात घराघरांतून कागदांच्या पिशव्या काढून नावातलं एकेक अक्षर ताडून पाहिलं होतं, ते ती विसरली नव्हती. त्या मुलीसोबत मी स्वतः गेले. फोन बंद करून पिशवीत ठेवला, चहा घेतला, परतले. तिसऱ्या भेटीत नानी आपणहून म्हणाली, "लाव आता ते."

तेव्हापासून आमचे नियम साधे आहेत. आधी परवानगी. पुसून टाक म्हटलं की पुसायचं. आणि मध्येच चूक सुधारायची नाही. आमच्या बायका इसवी सन सांगत नाहीत, 'रामदास बुडाली त्या साली' म्हणतात. मुलांनी नंतर शोधावं की रेवसला निघालेली रामदास बोट 17 जुलै 1947 ला बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. नानीचं वाक्य मात्र तसंच राहू द्यावं. शिवाय प्रत्येक रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन घरांत ठेवायच्या. 18 एप्रिल 2021 ला डोंगरावरचा वणवा केपटाउन विद्यापीठात शिरला आणि तिथल्या ग्रंथालयाचा जॅगर वाचनकक्ष हजारो पुस्तकांसह जळाला. एवढ्या मोठ्या विद्यापीठावर ही वेळ येते, तर आपल्या एका मोबाइलचं काय?

दादीचा आवाज माझ्याकडे नाही. बी.एड.च्या वर्षी घरात टेपरेकॉर्डर होता, त्यावर आम्ही नात ऐकायचो. दादी शेजारी बसून तांदूळ निवडायची. ते लाल बटण दाबायचं मला सुचलं नाही.

म्हणून केपच्या भावासाठी मी माझ्याच आवाजात सगळं रेकॉर्ड करून पाठवलं. चाचीजानची पत्रंही त्यात सांगितली. त्याने ते घरात सगळ्यांना बसवून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा एका ओळीचा निरोप आला : "आपा, त्या आईचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही. दादीने कधी सासूचं नाव घेतलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. वरच्या मोहल्ल्यात आमच्या एक खाला आहेत, नव्वदी ओलांडलेल्या. त्यांना कदाचित ठाऊक असेल. हा लेख संपवून मी त्यांच्याकडेच निघाले आहे. तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर तुम्हीही आजच जा.