दोन सूर्योदयांचें उड्डाण

पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहर आणि श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला सरोवर यांमधील आकाशमार्गाचें अंतर सुमारें ३,५०० मैल आहे. हें अंतर तेव्हां होतें तेवढेंच आजहि आहे. परंतु तें तोडण्यास वेळ किती, या प्रश्नाचें १९४३ सालचें उत्तर वाचून वाचक थक्क झाल्यावांचून राहणार नाहीं.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांस जोडणारा विमानमार्ग मध्येंच तुटला. मुक्काम करीत करीत जाणारी ती जुनी वाट जपान्यांच्या हातीं गेल्यावर उपाय एकच उरला. वाटेंत कोठेंहि न उतरतां हिंदी महासागर ओलांडावयाचा! क्वांटास कंपनीनें १९४३ च्या मध्यास हें काम अंगावर घेतलें. त्यासाठीं तिला पांच कॅटॅलिना विमानें मिळालीं. पाण्यावर उतरणारीं, चिवट, पण संथ. ताशीं सव्वाशें मैल ही त्यांची चाल. त्यांस नांवें ताऱ्यांचीं दिलीं होतीं. आपल्या पंचांगाच्या भाषेंत सांगावयाचें तर अभिजित, श्रवण, चित्रा, ज्येष्ठा, आणि पांचवा मृगाच्या पायाशीं चमकणारा रायजेल. हीं नांवें नुसतीं शोभेचीं नव्हतीं. शत्रूला सुगावा लागूं नये म्हणून बिनतारी यंत्र मुकें ठेवावें लागे, आणि अंधाऱ्या समुद्रावर दिशा दाखविण्यास खरोखरच तारे तेवढे उरत.

सव्वाशेंनीं साडेतीन हजारांस भागिलें तर अठ्ठावीस तास येतात. वारा उलट असला कीं हा हिशेब कोलमडे. एका उड्डाणास तर ३२ तास ९ मिनिटें लागलीं. एवढ्या वेळासाठीं जवळजवळ दोन हजार गॅलन तेल घ्यावें लागे, आणि मग माणसांसाठीं जागा ती किती राहणार? प्रवासी तीन आणि टपाल सुमारें दीडशें पौंड, बस्स! संरक्षणास बंदूक नव्हती. एकाच उड्डाणांत सूर्य दोनदां उगवतांना पाहावयास मिळे. म्हणून प्रवाशांना 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चें प्रमाणपत्र देत असत. या थट्टेमागें भीति लपलेली असावी, असें मला वाटतें.

जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. त्यांत एकहि विमान गमावलें नाहीं, ही गोष्ट मला त्या दोन सूर्योदयांहूनहि अद्भुत वाटते. मार्च २०१८ मध्यें पर्थ ते लंडन हें सुमारें ९,००० मैलांचें अंतर न थांबतां तोडणारी विमानसेवा सुरू झाली. तिला साधारण सतरा तास लागतात. तेवढ्या वेळांत कॅटॅलिना अजून भर समुद्रावरच असे.

त्या पांच विमानांचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. तीं उसनवारीच्या करारानें मिळालीं होतीं. युद्ध संपल्यावर परत करावयाचीं, नाहीं तर नष्ट करावयाचीं. तीं मुद्दाम बुडविण्यांत आलीं, आणि त्यांतील बहुतेक पर्थजवळच्याच समुद्रांत.