अंदमानला जाताय? स्कुबा, प्रवाळ आणि बाराटांगबद्दल रील्समध्ये न सांगितलेल्या गोष्टी

दरवर्षी मे महिन्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी बातमी येते आणि महाराष्ट्र पावसाचे दिवस मोजू लागतो. मराठी घरांत अंदमानची दुसरी ओळख म्हणजे सेल्युलर जेल. आता त्यात तिसरी भर पडली आहे, निळ्याशार पाण्यात माशांमध्ये तरंगणाऱ्या पर्यटकांच्या व्हिडिओंची. हे व्हिडिओ खोटे नसतात. पण तिथल्या प्रत्येक अनुभवाला काही नियम चिकटलेले आहेत, आणि ते का आहेत हे तिकीट काढण्याआधीच कळलेलं बरं.

आधी नावांचा गोंधळ. २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोलण्यात अजून जुनी नावं सर्रास येतात, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा.

पोहता येत नसेल तर स्कुबा करता येतं का?

येतं. नवख्यांसाठीच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक सतत सोबत असतो आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर असते. मालवण-तारकर्लीला स्कुबा केलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. अंदमानात पाणी सहसा जास्त नितळ असतं, एवढाच मोठा फरक.

खरा प्रश्न पोहण्याचा नाही, दाबाचा आहे. पाण्याखाली १० मीटरवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून खाली जाताना कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कानातला दाब सारखा होतो. हे दुखायला लागण्याआधीच आणि पुन्हा पुन्हा करायचं असतं. सर्दी असेल तर ते नीट होत नाही, त्यामुळे त्या दिवशी डाइव्ह रद्द करणंच शहाणपणाचं.

दुसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा: श्वास रोखायचा नाही. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. घाबरून श्वास धरून वर आलात तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणि हो, पाण्याखाली अंगठा वर केला तर प्रशिक्षक त्याचा अर्थ ‘मला वर ने’ असा घेतो. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. कॅमेऱ्यासमोर ही चूक हमखास होते.

डाइव्हआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, गरोदरपण याबद्दल त्यात खरं लिहा. ‘पैसे भरलेत ना’ म्हणून सगळीकडे ‘नाही’ लिहिण्याचा मोह धोकादायक आहे.

एक गोष्ट सहलीच्या वेळापत्रकाशी संबंधित आहे. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता जाण्याआधी विमानात बसलं तर रक्तात आणि ऊतींत बुडबुडे तयार होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्हनंतर १८ तास विमान टाळावं असा सल्ला दिला जातो. बरेच प्रशिक्षक सरळ २४ तास सांगतात. म्हणून स्कुबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा, परतीच्या आदल्या संध्याकाळी नको.

प्रवाळावर उभं राहिलं तर काय बिघडतं?

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. हजारो चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत असते आणि त्यांच्या शरीरात राहणारं शैवाल त्यांना अन्न व रंग देतं. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्याआधी २००४ च्या त्सुनामीचा फटका बसला होताच. अशा ठिकाणी स्नॉर्केलिंग करताना दमल्यावर पाय टेकवले, की अनेक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. लाइफ जॅकेट घालून तरंगत राहा, पाय टेकवायची गरजच पडत नाही.

किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडाही बॅगेत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे.

मगरींचे फलकही शोभेचे नाहीत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाजणातून समुद्रात येतात. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. त्या दिवशी जीवरक्षक पाण्यात उतरू नका म्हणाला, तर विषय संपला.

बाराटांगची सहल वादग्रस्त का आहे?

बाराटांगला खारफुटीतून जाणारी बोट, चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे. बोटीचा प्रवास सुंदर आहे. ज्वालामुखी म्हणजे मात्र बुडबुडे सोडणारा चिखल. लाव्हाची अपेक्षा असेल तर निराशा ठरलेली.

वाद रस्त्याचा आहे. अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांग नाक्यापासून गाड्या ताफ्याने सोडल्या जातात. जारवांची लोकसंख्या जेमतेम काहीशे आहे आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांचा बाहेरच्यांशी फारसा संबंध नव्हता. आपल्याकडच्या साध्या आजारांची प्रतिकारशक्ती त्यांच्यात नाही. १९९९ आणि २००६ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालूच राहिली. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि जगभर संताप उसळला. त्याच वर्षी कायदा कडक झाला.

आज या रस्त्यावर गाडी थांबवणं, जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं यांवर बंदी आहे आणि कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘जारवा दिसतील’ असं सांगून कुणी टूर विकत असेल तर तो माणसांचंच प्रदर्शन मांडतोय. बाराटांग वगळूनही अंदमानची सहल अपुरी राहत नाही.

कधी जावं?

डिसेंबर ते एप्रिल सर्वांत बरा काळ. पण खात्री तेव्हाही नसते. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हजारावर पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकले. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाला जावं लागलं. त्यामुळे बेटावरून परतण्याचा आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नका.

अंदमान मुंबईपेक्षा बरंच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायचा तर चारपर्यंत पोहोचावं लागतं.

कोकण किनाऱ्यावर कधीकधी दिसणारी चमकती निळी लाट हॅवलॉकला रात्रीच्या कयाकिंगमध्ये पाहता येते. वल्हं मारलं की पाण्यातले सूक्ष्मजीव उजळतात. चांदण्यात हा उजेड फिका पडतो, म्हणून बुकिंग करताना कॅलेंडरवर अमावस्या बघा. साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो बहुतेक वेळा येत नाही.