वाटसरूची संमती

१८३८ सालच्या सुमारास लुई दागेर यांनी पॅरिसमधील बुलव्हार द्यू तांप्ल या राजमार्गाचे एक छायाचित्र उंचावरील खिडकीतून घेतले. दिवसाउजेडीचा तो रस्ता चित्रात जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटे लागत असल्याने चालत्या माणसांचा, घोड्यांचा व गाड्यांचा मागमूसही तीत राहिला नाही. एका कोपऱ्यात मात्र बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ स्पष्ट उमटला आहे. छायाचित्रात सापडलेला हा बहुधा पहिला मनुष्य होय. तो कोण होता हे निश्चितपणे कोणालाच ठाऊक नाही. अंगावर वागवावयाच्या कॅमेऱ्यांविषयी आज जो वाद चालू आहे, त्यातील मुख्य पात्र, म्हणजे न विचारता चित्रात आलेला वाटसरू, अशा रीतीने छायाचित्रणाबरोबरच जन्मास आले.

तथापि पुढील चार दशके हे पात्र अपवादात्मकच राहिले. छायाचित्र काढून घ्यावयाचे तर मनुष्याने छायाचित्रकाराकडे जावे, खुर्चीवर बसावे, प्रसंगी मान लोखंडी आधारास टेकवून निश्चल राहावे, अशी तंत्राचीच अट होती. संमती वेगळी मागावी लागत नसे. स्थिर बसणे हीच संमती होती. भारतातही छायाचित्रण या चौकटीतच रुजले. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली निजामाच्या हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना चित्रशाळा काढली व ती एका इंग्रज बाईंकडे सोपविली. कोणी पाहावे आणि कोणी चित्र घ्यावे, हे तेथे चित्रित होणाऱ्या व्यक्तीची मर्यादा ओळखून ठरविले गेले होते.

ही चौकट मोडली ती रसायनशास्त्राने. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा इतक्या शीघ्रग्राही झाल्या, की सेकंदाचा अल्पांशही चित्रास पुरू लागला. कॅमेरा तिपाईवरून हातात आला आणि हातातून कपड्यांत शिरला. १८८६ च्या सुमारास बाजारात आलेला स्टर्नचा कॅमेरा तबकडीसारखा चपटा असे. तो जाकिटाखाली छातीवर लटकवावयाचा, भिंग गुंडीच्या काजातून बाहेर डोकवावयाचे आणि खिशातली दोरी ओढली की चित्र निघावयाचे. एका वाटोळ्या काचेवर सहा चित्रे मावत. नॉर्वेतील कार्ल स्टॉर्मर या विद्यार्थ्याने १८९० नंतरच्या काही वर्षांत असाच कॅमेरा अंगावर वागवून ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील रस्त्यांवर सुमारे पाचशे चित्रे घेतली. हाच विद्यार्थी पुढे ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक म्हणून जगप्रसिद्ध झाला. नाटककार हेन्रिक इब्सेनही त्याच्या चित्रांत सापडले. ही चित्रे आज त्या शहराच्या लोकजीवनाचा अमोल ठेवा मानली जातात. त्यांतील मोकळेपणा चित्रशाळेतील चित्रांत कधीच आढळत नाही, आणि तो त्यांत आला याचे कारण पुढचा मनुष्य आपल्याला टिपतो आहे याची वाटसरूंना जाणीव नव्हती. लाभ आणि आगळीक येथे एकाच कृतीत गुंतलेली आहेत.

१८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक आला. पंचवीस डॉलरांच्या त्या पेटीत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. छायाचित्रण हौशी माणसाच्या हाती गेले, आणि समुद्रकिनारी वा रस्त्यात अनोळखी लोकांना टिपणाऱ्यांना अमेरिकी वृत्तपत्रे ‘कॅमेरा-पिशाच्च’ या अर्थाच्या शब्दाने संबोधू लागली. सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या बॉस्टनमधील दोन वकिलांनी डिसेंबर १८९० मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त खाजगीपणाच्या हक्कावर जो लेख लिहिला, त्याच्यामागे ही अस्वस्थता होती. मनुष्याला बसवूनच चित्र घ्यावे लागे तोवर करार आणि विश्वास यांचे कायदे पुरेसे होते. चित्र चोरून घेता येऊ लागल्यावर ते अपुरे पडतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या युक्तिवादाचे मर्म हे होते, की तंत्राने जी संमती आपोआप मिळवून दिली होती ती तंत्रानेच काढून घेतली आहे. सबब ती आता कायद्याने दिली पाहिजे.

कायद्याने ती दिली, पण अर्धीच. एका तरुणीचे चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापून त्याच्या पंचवीस हजार प्रती वाटल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९०२ साली चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. लोकमत एवढे खवळले, की पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने लेखी संमतीवाचून जाहिरातीसाठी वा व्यापारासाठी कोणाचेही चित्र वापरण्यास बंदी घातली. मात्र हे बंधन चित्राच्या वापरावर होते. चित्र घेण्यावर नव्हे.

उरलेली अर्धी बाजू विसाव्या शतकात रिवाजाने सांभाळली. कॅमेरा डोळ्याशी नेणारा हात समोरच्याला दिसतो. त्याला तोंड फिरवता येते, नको म्हणता येते. कॅमेरा मोबाइल फोनमध्ये गेला तेव्हा ही खूण पुसट झाली; म्हणूनच जपान व दक्षिण कोरिया येथे फोनने चित्र घेताना आवाज झालाच पाहिजे, असा दंडक रूढ झाला. चष्म्यातील कॅमेऱ्याने हात उचलण्याचीही गरज ठेवली नाही. २०१३ साली गूगलचा चष्मा प्रथम काही निवडक लोकांना मिळाला, त्याच वर्षी सिअॅटलमधील एका मद्यगृहाने त्यास प्रवेशबंदी जाहीर केली. २०१५ च्या जानेवारीत त्या नमुन्याची विक्री थांबली. २०२१ साली फेसबुकने चित्रण चालू असल्याचे दर्शविणारा बारीक दिवा असलेला चष्मा आणला, तेव्हा तो दिवा वाटसरूला पुरेशी सूचना देतो काय, असा प्रश्न इटली व आयर्लंड येथील नियामकांनी उपस्थित केला. २०२४ साली हार्वर्डमधील दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्यास चेहरा ओळखणारी यंत्रणा जोडून अनोळखी माणसाची ओळख काढता येते हे प्रात्यक्षिकाने दाखविले. याच चष्म्यांचा दृष्टिहीनांना खरा आधार होतो, हेही तितकेच सत्य आहे. त्यामुळे सरसकट बंदी हे उत्तर ठरत नाही.

भारतात हा विचार प्रथम राज्यसत्तेच्या संदर्भात झाला. पोलिसी पाळतीविषयीच्या खडकसिंग खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने खाजगीपणाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला, आणि सार्वजनिक जागी वावरल्याने माणसाचा खाजगीपणा संपत नाही, हे तत्त्वही त्या निकालपत्रात आले. परंतु २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने एखाद्या व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. घरगुती आठवणी जपणाऱ्यांना ही सवलत आवश्यकच आहे. परंतु हौसेखातर चष्मा लावून बाजारातून फिरणारा इसमही तिच्याच आश्रयास जाऊ शकतो. वॉरन व ब्रँडाइस यांनी दाखविलेली उणीव सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही भरून निघालेली नाही. स्थिर बसणे, उचललेला हात, फोनचा आवाज, मिणमिणता दिवा अशी वाटसरूला मिळणारी सूचना उत्तरोत्तर क्षीण होत गेली आहे, आणि नकार देण्याची त्याची संधीही तिच्याबरोबर आक्रसत गेली आहे.