लॅटिन, धर्मग्रामाचे सभागृह आणि पॅलेस्ट्रा

फिलाडेल्फिया म्हटले की मराठी वाचकाला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली त्यांनी तेथील विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली. आजचा थ्रेड त्याच शहराचा आहे, पात्रे मात्र निराळी आहेत : कॅथलिक हायस्कुले, त्यांची विद्येतली प्रतिष्ठा आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल.

या शहरात दोन अनोळखी माणसांची गाठ पडली की लवकरच प्रश्न येतो, ‘हायस्कूल कुठलं?’ महाविद्यालयाचा प्रश्न नंतर. हायस्कुलाच्या नावावरून वस्ती कळते, धर्म कळतो, वडील कारखान्यात होते की कचेरीत याचाही अंदाज बांधता येतो. पुणेकर वाचकांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही.

या उत्तरांची एक उतरंड आहे. वरच्या पायरीवर येशूसंघीयांचे सेंट जोसेफ्स प्रेप आणि ख्रिश्चन ब्रदर्सचे ला साल कॉलेज हायस्कूल. खाली धर्मप्रांताने चालवलेल्या शाळा : रोमन कॅथलिक, वेस्ट कॅथलिक, नॉर्थईस्ट कॅथलिक आणि इतर अनेक. (धर्मप्रांत म्हणजे बिशपच्या अधिकारातला प्रदेश, धर्मग्राम म्हणजे एका चर्चचा परिसर. वसईच्या वाचकांना हे शब्द घरचेच आहेत.) प्रेपची मुले वकील आणि डॉक्टर होतात, रोमनची मुले बास्केटबॉल खेळतात, असा सर्वसाधारण समज. हा समज गुणवत्तेपेक्षा शुल्क आणि लॅटिन यांच्याविषयी अधिक सांगतो, असे माझे मत आहे. बास्केटबॉलचा इतिहास त्याला साक्ष देतो.

आरंभ आगीपासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक शाळांत बायबलचे प्रोटेस्टंट भाषांतर वाचले जाई. कॅथलिक मुलांना त्यांचे स्वतःचे भाषांतर वाचू द्यावे, अशी विनंती बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२ साली केली. मागणी एवढीच होती; पण ‘हे परके आमच्या शाळांतून बायबल हद्दपार करणार’ अशी आवई उठली आणि मे १८४४ मध्ये दंगल पेटली. आयरिश वस्तीतले सेंट मायकेल आणि शहराच्या मध्यभागातले सेंट ऑगस्टिन ही चर्चे जाळण्यात आली. सेंट ऑगस्टिनसोबत तिथला मोठा ग्रंथसंग्रहही गेला. हे चर्च ऑगस्टिनियन संघाचे होते. त्याच संघाने १८४२ साली शहराबाहेर एक महाविद्यालय काढले होते. आर्थिक ओढाताणीमुळे ते १८४५ मध्ये बंद पडले आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडले. त्या महाविद्यालयाचे नाव व्हिलानोव्हा.

सार्वजनिक शाळा आपली नाही, हा धडा कॅथलिक समाजाने त्या राखेतून घेतला. १८५२ साली बिशप झालेले जॉन न्यूमन यांनी धर्मग्रामांच्या शाळांची एकत्रित व्यवस्था उभारली. पण प्राथमिक शिक्षणानंतर काय? १८५१ साली येशूसंघीयांनी सेंट जोसेफ्स सुरू केले. तिथला अभ्यासक्रम संघाच्या १५९९ सालच्या शिक्षणसंहितेच्या वळणाचा होता : लॅटिन, ग्रीक, वक्तृत्व, तर्क. (मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली काढणारा संघही हाच.) मुलगा पुढे वकील, वैद्य किंवा धर्मगुरू होणार हे गृहीत धरलेले ते शिक्षण होते.

ख्रिश्चन ब्रदर्सची कथा अधिक रंजक आहे. त्यांचे संस्थापक ज्याँ-बाप्तिस्त द ला साल यांनी सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याचा मार्ग धरला. लॅटिन ही वरच्या वर्गाची भाषा, म्हणून ब्रदर्सनी ती शिकवू नये असा संघाचा नियमच झाला. युरोपात हे शोभून दिसे. अमेरिकेत मात्र लॅटिनवाचून महाविद्यालय म्हणजे कणा नसलेले शरीर. तिथले ब्रदर्स निमूटपणे लॅटिन शिकवत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरिष्ठांनी नियमावर बोट ठेवले आणि त्यांचे लॅटिन वर्ग बंद करायला लावले. ही बंदी १९२३ साली उठली. तोवर कॅथलिक उच्चशिक्षणात येशूसंघीय बरेच पुढे निघून गेले होते. गरिबांसाठी केलेला नियम गरिबांच्याच शाळांना मागे ठेवणारा ठरला, आणि त्या दोन दशकांचा फरक लोकांच्या मनात ‘विद्येचा दर्जा’ म्हणून मुरला.

तिसरी वाट रोमन कॅथलिक हायस्कूलची. टॉमस केहिल या कोळशाच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्राने संपत्ती ठेवली आणि १८९० साली ब्रॉड आणि व्हाइन या रस्त्यांच्या नाक्यावर मुलांसाठी विनाशुल्क हायस्कूल उघडले. धर्मप्रांताने चालवलेले अमेरिकेतले हे पहिले कॅथलिक हायस्कूल. तिथले विद्यार्थी आजही स्वतःला ‘केहिलाइट’ म्हणवतात. पुढे वेस्ट कॅथलिक (१९१६), नॉर्थईस्ट कॅथलिक (१९२६) अशी रांग लागली. दीर्घकाळ या शाळांच्या खर्चाचा मोठा भार धर्मग्रामच उचलत असत. वर्ग तुडुंब भरलेले, शिक्षक बहुधा धर्मगुरू, ब्रदर्स किंवा धर्मभगिनी. अशा शाळेतून गोदी कामगाराचा मुलगा शहराचा अधिकारी झाला, तर त्याची नोंद कोणत्या क्रमवारीत करायची? प्रेप मुले निवडून घेई, रोमन आलेल्यांना वाढवी. दोघांचे निकाल शेजारी ठेवून दर्जा ठरवणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

आता खेळाकडे. बास्केटबॉलला मोठे मैदान लागत नाही की महागडे साहित्य. चर्चचे सभागृह, एक चेंडू, दोन कडी, झाले. फिलाडेल्फियात जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामाला असे सभागृह होते. रविवारी तिथे सभा भरे, शनिवारी नाच होई आणि एरवी मुले खेळत. १९२० साली शाळांची कॅथलिक लीग स्थापन झाली. तिथे प्रेप आणि रोमन एकाच पाटीवर आले.

पॉल ॲरिझिनचे उदाहरण पाहा. हा मुलगा ला साल हायस्कूलचा, पण शाळेच्या संघात त्याला स्थान मिळाले नाही. तो धर्मग्रामांच्या आणि वस्तीतल्या स्पर्धांत खेळत राहिला. नाचासाठी गुळगुळीत केलेल्या जमिनीवर पाय रोवून चेंडू फेकता येईना, म्हणून तो उडी मारून फेकू लागला. त्याचा प्रसिद्ध ‘जंप शॉट’ असा घडला. व्हिलानोव्हातही तो खेळाडू म्हणून आला नव्हता, साधा विद्यार्थी म्हणून आला होता. प्रशिक्षकांनी त्याला शहरातल्या एका सामन्यात पाहिले आणि संघात घेतले. १९५० साली तो देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. शाळेच्या निवडीने जे पाहिले नाही, ते घसरड्या जमिनीने घडवले.

त्याच ला साल हायस्कूलचा टॉम गोला मात्र सरळ वाटेने ला साल महाविद्यालयात गेला. १९५४ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. महाविद्यालयीन कारकिर्दीतले त्याचे २,२०१ रिबाउंड हा विक्रम आजही अबाधित आहे. गोला आणि ॲरिझिन १९५६ साली फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विजेत्या संघात एकत्र होते.

याच सुमारास ‘बिग फाइव्ह’ जन्मले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ, टेंपल, व्हिलानोव्हा, सेंट जोसेफ्स आणि ला साल यांनी १९५४ मध्ये आपापसांत खेळण्याचा करार केला. पाचांपैकी तीन कॅथलिक. सामने पेन्सिल्व्हेनियाच्या आवारातल्या ‘पॅलेस्ट्रा’त होत. १९२७ सालची ही वास्तू जेमतेम ८,७०० प्रेक्षकांची आहे आणि तिचे नाव एका ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवलेले. पहिली बास्केट पडली की रंगीत फिती उडत, आणि विद्यार्थी प्रतिस्पर्ध्यांना चिमटे काढणारे लांबलचक कापडी फलक उलगडत. अमेरिकेतल्या सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठांपैकी एकाच्या घरात दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करणाऱ्यांची महाविद्यालये बरोबरीच्या नात्याने उतरत. सेंट जोसेफ्सचे प्रशिक्षक जॅक रॅमझी यांनी तर पेन्सिल्व्हेनियातूनच शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. त्याआधी ते चेस्टरच्या सेंट जेम्स या कॅथलिक हायस्कुलात प्रशिक्षक होते. वेस्ट कॅथलिकमधून सेंट जोसेफ्समध्ये गेलेले पॉल वेस्टहेड पुढे ला सालमध्ये प्रशिक्षक झाले. ते इंग्रजी शिकवत, शेक्सपिअर हा त्यांचा आवडीचा विषय. १९८० साली लॉस एंजेलिस लेकर्स अजिंक्य ठरले, तेव्हा प्रशिक्षक हेच होते.

इथे थांबले तर चित्र फार गोड होईल.

१९६१ साली सेंट जोसेफ्स राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेले. नंतर काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणांत फेरफार केल्याचे उघड झाले आणि ते यश नोंदींतून काढून टाकण्यात आले. येशूसंघाचे संस्कार तिथे कमी पडले.

दुसरी गोष्ट अधिक खोल. धर्मग्रामाचा दरवाजा ‘सर्वांना’ खुला होता, पण हे ‘सर्व’ बहुतांशी आयरिश, इटालियन, पोलिश वस्त्यांतले गोरे होते. जॉन चेनी हा कृष्णवर्णीय मुलगा १९५१ साली सार्वजनिक शाळांच्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी शहरातल्या एकाही मोठ्या महाविद्यालयाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो फ्लोरिडातल्या बेथ्यून-कुकमन या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात गेला. १९५३ साली शहराच्या अजिंक्यपदासाठी वेस्ट कॅथलिकने ओव्हरब्रुक या सार्वजनिक शाळेला ५४–४२ असे हरवले. ओव्हरब्रुकच्या विल्ट चेंबरलेनभोवती त्यांनी चार-चार खेळाडू उभे केले होते. कॅथलिक लीगच्या आठवणींत हा सामना अभिमानाने सांगितला जातो. त्या अभिमानात थोडी वस्तीची रेषाही मिसळलेली आहे, असे मला वाटते.

चेनी १९८२ साली टेंपलचे प्रशिक्षक होऊन परतले. १९८६ पासून राष्ट्रीय क्रीडासंघटनेने खेळाडूंच्या पात्रतेसाठी प्रवेशचाचणीत ७०० गुणांची अट घातली होती. जानेवारी १९८९ मध्ये, जे ही अट अर्धवट पूर्ण करतात त्यांची शिष्यवृत्तीच काढून घेण्याचा ठराव झाला. चाचणीतले गुण घरच्या परिस्थितीनुसार बदलतात, मग गरीब मुलालाच दार का बंद, असा चेनींचा सवाल होता. जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन निषेध म्हणून बॉस्टन कॉलेजविरुद्धच्या सामन्याच्या आरंभीच मैदान सोडून गेले. जॉर्जटाउन आणि बॉस्टन कॉलेज, दोन्ही येशूसंघीय. ‘विद्येचा दर्जा’ म्हणजे नेमके काय, हा १८९० चा प्रश्न शंभर वर्षांनी बास्केटबॉलच्या मैदानावर उभा होता.

आणि मुली? त्यांची कथा मला या साऱ्यांत सर्वाधिक प्रिय आहे. शहराजवळच्या इमॅक्युलाटा या धर्मभगिनींच्या लहानशा महाविद्यालयाचे व्यायामगृह १९६७ साली जळाले होते. १९७० मध्ये आलेल्या प्रशिक्षिका कॅथी रश यांना हंगामाचे ४५० डॉलर मिळत. खेळाडू बहुतेक कॅथलिक शाळांत घडलेल्या, शिष्यवृत्ती कोणालाही नाही. थेरेसा शँक ही कार्डिनल ओहारा हायस्कूलची. १९७२ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉयमध्ये भरली. विमानभाड्याचे पैसे पुरेनात, म्हणून आठच खेळाडू गेल्या. सोळा संघांत त्यांचे मानांकन पंधरावे. अंतिम सामन्यात समोर वेस्ट चेस्टर, ज्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना ३२ गुणांनी धुतले होते. इमॅक्युलाटा जिंकले. पुढची दोन वर्षेही जिंकले. सज्ज्यात बसलेल्या धर्मभगिनी बादल्या बडवून जल्लोष करत. १९७५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिलांचा पहिला महाविद्यालयीन सामना झाला, त्यातही याच मुली होत्या. प्रेपची प्रतिष्ठा ज्या मापाने मोजली जाते, त्या मापात या मुलींच्या शाळा कधी धरल्याच गेल्या नव्हत्या.

त्यानंतरचा काळ पांगण्याचा. कॅथलिक कुटुंबे उपनगरांत गेली, धर्मभगिनी कमी झाल्या, पगारी शिक्षक आले आणि शुल्क वाढले. व्हिलानोव्हा १९८० मध्ये बिग ईस्टमध्ये गेले, १९८५, २०१६ आणि २०१८ साली राष्ट्रीय विजेते ठरले आणि श्रीमंत झाले. आज तिथे प्रवेश मिळणे अतिशय कठीण आहे, आणि ते ‘आपले’ उरले आहे का, यावर शहरात अजून वाद होतात. २०१८ च्या अंतिम सामन्यात ३१ गुण करणारा डॉन्टे डिव्हिन्चेन्झो मात्र शेजारच्या विल्मिंग्टनमधल्या सेलेसियानम या कॅथलिक शाळेचा. नॉर्थईस्ट कॅथलिक चालवणाऱ्या संघाचीच ती शाळा.

खुद्द नॉर्थईस्ट कॅथलिक जून २०१० मध्ये बंद झाले. एके काळी सहा हजारांवर विद्यार्थी असलेले कार्डिनल डॉहर्टीही त्याच महिन्यात मिटले. २०१२ साली वेस्ट कॅथलिक बंद होणाऱ्यांच्या यादीत होते, देणगीदारांनी ते वाचवले. मुलींचे हॅलहॅन २०२१ मध्ये गेले. रोमन अजून ब्रॉड आणि व्हाइनच्या नाक्यावर उभे आहे, पण केहिलच्या काळासारखे विनाशुल्क नाही.