हैदराबादची रेसिडेन्सी : वास्तू, बाग आणि जीर्णोद्धार

आपण हैदराबादकर ज्या भागाला ‘कोठी’ म्हणतो, त्याचे नाव ज्या वास्तूवरून पडले ती ही ब्रिटिश रेसिडेन्सी. मुशी नदीच्या उत्तरेस, सुलतान बाजाराला लागून ती उभी आहे. रोज तिच्यावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती आतून पाहिली असेल, म्हणून ही माहिती देत आहोत.

पार्श्वभूमी

१७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत पेशव्यांकडून हार पत्करल्यावर निजाम अली खान इंग्रजांकडे झुकला. १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार झाला. तो घडवून आणणाऱ्या जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने १८०३ च्या सुमारास हे बांधकाम सुरू केले. आराखडा सॅम्युअल रसेलचा होता आणि पैसा निजामाचा. या वैभवाचे एक मूळ असे खर्ड्याच्या रणांगणात आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला तो हाच परिसर.

वास्तू

उत्तरेकडे उंच कॉरिंथियन खांब, रुंद पायऱ्या आणि दोन बाजूंना दोन सिंह आहेत. आत दरबार हॉल व लंबवर्तुळाकार जिना आहे.

बाग

कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसा बेगमशी विवाह केला होता. तिच्यासाठी बांधलेला रंगमहाल पुढे पाडण्यात आला. जनानखान्याच्या बागेत मात्र कोठीची हुबेहूब छोटी प्रतिकृती राहिली. पडद्यात राहणाऱ्या बेगमेला दर्शनी भाग पाहता यावा म्हणून ती करवली, असे सांगतात; मुलीसाठी केलेले ते बाहुलीघर होते, असेही म्हणतात. दोन्ही मुलांना १८०५ मध्ये इंग्लंडला धाडले गेले. त्याच वर्षी कर्कपॅट्रिक वारला, आणि आईची व मुलांची पुन्हा भेट झाली नाही.

जीर्णोद्धार

१९४९ मध्ये येथे महिला महाविद्यालय आले. वर्ग भरत राहिले म्हणून वास्तू टिकली, पण छत गळू लागले आणि गिलावा सुटला. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. दीर्घ कामानंतर २०२३ मध्ये मुख्य इमारत पुन्हा खुली झाली. बागेतली प्रतिकृतीही दुरुस्त झाली आहे.

रेसिडेन्सी बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत गेला आणि ‘सुलतान बाजार’ झाला. आपल्या कितीतरी आज्या-मावश्या याच आवारात शिकल्या. त्यांच्याकडे त्या काळचे फोटो, वह्या, आठवणी असतील, तर त्या जपून ठेवाव्यात ही विनंती. भिंती दुरुस्त करता येतात. आठवणी मात्र वेळीच विचारून घ्याव्या लागतात. हे आवार आता महिला विद्यापीठाचे असल्यामुळे पाहायला जाण्यापूर्वी प्रवेशाची चौकशी जरूर करावी.