इंजिनाला हवा वाढवून द्यावी का?

जुन्या दुचाकीचा कार्ब्युरेटर, रीड व फिल्टर बदलण्यापूर्वी...

प्रतिनिधी

ओझर (जि. नाशिक) : मुंबई-आग्रा महामार्गावरील ओझर हे गाव विमानांच्या कारखान्यामुळे देशभर परिचित आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे १९६४ मध्ये 'मिग-२१' विमानांच्या उत्पादनासाठी उभा राहिला आणि त्याची वसाहत आजही 'ओझर मिग' याच नावाने ओळखली जाते. 'मिग-२१' विमान सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झाले. पण त्याच्या नाकाशी असलेला शंकू अनेकांच्या स्मरणात आहे. विमानाच्या वेगानुसार तो पुढे-मागे सरकत असे आणि इंजिनाला पेलेल अशाच रीतीने हवा आत जाऊ देत असे. इंजिनाला जास्तीत जास्त हवा देणे हा त्याचा हेतू नव्हता. त्या क्षणी लागते तेवढी आणि लागते त्या वेगाने हवा देणे, हा होता.

नाशिक, ओझर, पिंपळगाव परिसरातील अनेक तरुण जुन्या दुचाकी जिवापाड जपतात. त्यातील काही जण इंजिनात फेरफारही करून घेतात. सिलिंडरचे पोर्ट मोठे केले, एक्झॉस्ट बदलला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता कार्ब्युरेटर, रीड व्हॉल्व्ह आणि फिल्टरही मोठे घ्यावेत का? या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुकानदाराकडून किंवा मित्राकडून घेतले जाते. वास्तविक ते थोड्याशा गणिताने आणि दोन-तीन साध्या तपासण्यांनी घरच्या घरी मिळू शकते. निर्णय चुकला तर पैसे वाया जातातच, शिवाय ज्याचे सुटे भाग आज सहज मिळत नाहीत असे इंजिनही गमवावे लागते.

उदाहरण 'आरएक्स १००'चे

या विषयासाठी यामाहाच्या 'आरएक्स १००'इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १९८५ मध्ये भारतात आलेल्या या दोन-स्ट्रोक दुचाकीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले; तरीही ती रस्त्यावरून हद्दपार झाली नाही. तिच्या सिलिंडरचा व्यास ५० मिमी, पिस्टनची धावही ५० मिमी, क्षमता ९८ सीसी आणि मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर ११ अश्वशक्ती. वजन सुमारे १०० किलो असल्याने ही शक्ती पुरून उरते. मूळ कार्ब्युरेटर सुमारे २० मिमी व्यासाचा.

दोन-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला एकदा हवा ओढते. पूर्ण सिलिंडर भरतो असे धरल्यास ७५०० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे ७३५ लिटर हवा लागते. पोर्टिंग आणि एक्सपान्शन चेंबर बसवल्यानंतर इंजिनाची कमाल शक्ती, समजा, ९००० फेऱ्यांवर गेली तर हीच गरज ८८२ लिटरवर जाते. म्हणजे वाढ २० टक्क्यांची. हवेचा वेग पूर्वीइतकाच ठेवायचा असेल तर कार्ब्युरेटरच्या तोंडाचे क्षेत्रफळ २० टक्क्यांनी वाढायला हवे. त्यासाठी व्यास २० वरून २२ मिमी झाला तरी पुरे होतो.

प्रत्यक्षात मात्र थेट २६ मिमीचा कार्ब्युरेटर बसवण्याचा आग्रह अनेकदा होतो. त्याचे क्षेत्रफळ मूळच्या जवळजवळ १.७ पट असते. त्यामुळे हवेचा वेग मूळच्या सुमारे ६० टक्क्यांवर येतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वर खेचले जाते ते हवेच्या वेगामुळे निर्माण होणाऱ्या दाबातील फरकाने आणि हा फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे पेट्रोल खेचणारी ताकद मूळच्या साधारण एक तृतीयांश उरते. कमी फेऱ्यांवर मूठ पिळताच गाडी घुटमळते आणि मग एकदम उसळते, ते याचमुळे. धावपट्टीवर हे चालून जाते; द्वारका चौकातील वाहतुकीत नाही.

अडथळा नेमका कुठे?

हवेचा मार्ग एखाद्या पाइपलाइनसारखा असतो. फिल्टर, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, रीड व्हॉल्व्ह, क्रँककेस, पोर्ट आणि शेवटी एक्झॉस्ट. यातील जो भाग सर्वांत अरुंद, तोच इंजिनाची मर्यादा ठरवतो. तो सोडून इतर कोणताही भाग मोठा केला तर फरक पडत नाही.

कार्ब्युरेटर अपुरा पडतो आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मोकळ्या, सुरक्षित जागी वरच्या फेऱ्यांवर मूठ तीन चतुर्थांशावरून पूर्ण उघडावी. शेवटच्या चतुर्थांशात गाडीने काहीच वाढीव जोर दाखवला नाही, तर कार्ब्युरेटर आधीच गरजेपुरता मोठा आहे. शेवटच्या टोकापर्यंत जोर वाढतच राहिला, तरच मोठ्या कार्ब्युरेटरचा विचार करण्यात अर्थ आहे.

रीड व्हॉल्व्हच्या बाबतीत तर खर्च करण्याआधी तो काढून उजेडासमोर धरावा. पाकळ्यांच्या कडा बसकणीला चिकटलेल्या दिसल्या पाहिजेत. फट दिसत असेल, पाकळीचे टोक झिजले किंवा तुटले असेल, तर क्रँककेसमध्ये आलेली हवा परत कार्ब्युरेटरकडे फेकली जाते. अशा वेळी नवीन पाकळ्यांनी मिळणारा फरक हा सुधारणेचा नसून दुरुस्तीचा असतो. मूळ पाकळ्या पातळ पोलादी पत्र्याच्या असतात. फायबर किंवा कार्बन फायबरच्या पाकळ्या हलक्या असल्याने वरच्या फेऱ्यांवर अधिक चपळपणे मिटतात आणि तुटल्याच तर पोलादी तुकड्याइतकी हानी करत नाहीत. हवेच्या मार्गातील बदलांपैकी हा सर्वांत कमी धोक्याचा.

आधी इंजिनाची प्रकृती

तीस वर्षांच्या इंजिनात पहिला संशय घ्यावा तो गळतीचा. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची ऑइल सील कडक होतात, मॅनिफोल्डच्या रबराला भेगा पडतात. तेथून आत शिरणारी हवा कार्ब्युरेटरमधून येत नाही. त्यामुळे तिच्यासोबत पेट्रोलही येत नाही. मिश्रण 'लीन' होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मूठ सोडल्यावरही इंजिनाच्या फेऱ्या लवकर खाली येत नसतील तर गळतीची शक्यता धरावी. अशा इंजिनावर मोठा कार्ब्युरेटर म्हणजे दुखणे तसेच ठेवून जोर वाढवणे.

दोन-स्ट्रोक इंजिनात लीन मिश्रणाचा धोका दुहेरी असतो. ज्वलनाचे तापमान वाढते आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असेल तर पेट्रोलबरोबर वंगणही घटते. परिणामी पिस्टन सिलिंडरला धरतो किंवा त्याच्या माथ्याला भोक पडते. स्वतंत्र ऑइल पंप असलेल्या गाड्यांत पंपाची केबल मुठीशी जोडलेली असते. कार्ब्युरेटर बदलताना तिचे समायोजन नव्याने करावे लागते, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

हवा, थंडी आणि इथेनॉल

जेटचे आकार मित्राच्या गाडीवरून उचलता येत नाहीत. कारण प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी असते. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. येथील हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ. येथे बेताचे जेट लावलेली गाडी कसारा घाट उतरून मुंबईला गेली की मिश्रण सुमारे तीन टक्क्यांनी लीन होते.

त्याहून मोठा फरक ऋतूचा आहे. ओझर ज्या निफाड तालुक्यात येते, तेथे हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो आणि उन्हाळ्यात चाळिशीजवळ पोहोचतो. ४० अंशांच्या तुलनेत १० अंशांची हवा सुमारे साडेदहा टक्के घन असते. मे महिन्यात जुळवलेले इंजिन जानेवारीच्या पहाटे सुमारे पाच टक्के लीन चालते.

तिसरी बाब इंधनाची. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते; २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. २०२५ पासून देशातील पंपांवर सर्वत्र हेच मिश्र इंधन मिळते. जुन्या काळच्या पेट्रोलसाठी ठरवलेले जेट आज तसेच ठेवले तर मिश्रण मुळातच लीन असते. कार्ब्युरेटरला स्वतःहून हे कळत नाही. थंडी, घाटउतार आणि इथेनॉल एकत्र आले की फेरफार केलेल्या इंजिनाला उरलेली सुरक्षिततेची फट संपते.

म्हणूनच कोणताही भाग बदलला की सुरुवात मोठ्या जेटने करून हळूहळू खाली यावे, उलट कधीही नाही. पायलट जेट मुठीच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत, नीडल मधल्या टप्प्यात आणि मेन जेट शेवटच्या चतुर्थांशात मुख्यतः काम करते. ज्या टप्प्यात दोष, त्याच भागाला हात लावावा. स्पार्क प्लगचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काळा व ओलसर असेल तर पेट्रोल जास्त आणि पांढरा फटक असेल तर तात्काळ थांबावे.

फिल्टरचा मोह

सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक फसवा बदल म्हणजे मूळ फिल्टरची पेटी काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावणे. त्याने आवाज वाढतो आणि आवाजालाच जोर समजले जाते. मूळ पेटी केवळ धूळ अडवत नाही. तिच्यातील हवेचा साठा इंजिनाच्या श्वासाचे हेलकावे शांत करतो. पेटी गेली की मिश्रण पुन्हा लीन. शिवाय द्राक्षबागांमधले कच्चे रस्ते, ऊस आणि कांद्याचे ट्रॅक्टर असलेल्या या पट्ट्यात धुळीची वाण नाही. फिल्टरमधून निसटलेले धुळीचे कण पिस्टन आणि सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरचे काम करतात. पेटी ठेवून आतील फोम स्वच्छ करणे व त्याला योग्य तेल लावणे, हा बहुतेकांसाठी उत्तम उपाय ठरतो.

चार-स्ट्रोक व नव्या गाड्या

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांना एकदा हवा घेते आणि ती किती घ्यायची हे प्रामुख्याने व्हॉल्व्ह व कॅमशाफ्ट ठरवतात. ते मूळचेच असतील तर मोठ्या कार्ब्युरेटरचा लाभ नगण्य असतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'बीएस-६' निकषांनंतर दुचाकींत इंधन इंजेक्शन रूढ झाले. त्यांतील संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे लहानसहान बदल सांभाळून घेतो. मात्र पूर्ण मूठ उघडल्यावर तो ठरावीक तक्त्यानुसारच पेट्रोल देतो. त्यामुळे हवेचा मार्ग मोठा करायचा तर तक्ताही बदलावा लागतो आणि वॉरंटीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी लागते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे. ध्वनी आणि धुराच्या निकषांचा भंग केल्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

धुराच्या तपासणीत ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, तर त्यानंतरच्या बीएस-४ पूर्वीच्या दुचाकींना ३.५ टक्के आहे. मोठ्या जेटने 'रिच' चालणारी गाडी येथे अडकू शकते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी वाहन तपासणीस न्यावे लागते, तेव्हा मूळ भाग हाताशी असणे गरजेचे ठरते. ज्यांना खरोखर वेग आजमावायचा आहे, त्यांच्यासाठी मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाच्या मान्यतेने बंदिस्त मार्गांवर होणाऱ्या स्पर्धा हाच योग्य मार्ग आहे.

निर्णय कसा घ्यावा?

* गाडी मुख्यतः ओझर-नाशिक अशा रोजच्या प्रवासासाठी असेल तर मूळ कार्ब्युरेटर ठेवावा. ५००० फेऱ्यांना इंजिनाला मिनिटाला फार तर ४९० लिटर हवा लागते. ती त्यातून सहज मिळते.
* सील, मॅनिफोल्ड, रीडच्या पाकळ्या आणि कॉम्प्रेशन तपासून झाल्याशिवाय एकही नवा भाग घेऊ नये.
* पोर्ट आणि एक्झॉस्ट बदललेले असतील व मुठीच्या शेवटच्या टप्प्यातही जोर वाढत असेल, तरच कार्ब्युरेटर मोठा करावा. तोही दोन ते चार मिमीपेक्षा अधिक नको.
* एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक वेळी प्लगचा रंग व जेटचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.
* थंडी सुरू होताना आणि मुंबईच्या लांब प्रवासापूर्वी मिश्रण पुन्हा तपासावे.
* काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा.

या यादीतून गेल्यावर बहुतेक वाहनधारकांच्या लक्षात येते की, त्यांच्या गाडीला मोठ्या भागांची नव्हे तर नव्या सीलची, स्वच्छ फिल्टरची आणि योग्य जेटची गरज होती. ज्यांना तरीही मोठा कार्ब्युरेटर लागतो, त्यांना तो किती मोठा हवा हे आता ठाऊक असते आणि वाचलेल्या पैशांतून 'आरएक्स'साठी एखादा जास्तीचा पिस्टन घेऊन ठेवता येतो.