ठाण्याच्या सोयरिकी

वर्गातल्या एका बेने इस्रायली मुलाने मला विचारले, "सर, आम्ही इथले की तिथले?" मी गप्प बसलो.

अलिबागेजवळ नवगावापाशी गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात ते 'शनिवार तेली'. ठाण्याला त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे. २०१६ साली संशोधकांनी त्यांची जनुके तपासली, तेव्हा पश्चिम आशियातील ज्यूंचा आणि येथला असे दोन्ही वारसे निघाले. मिसळण सुमारे ६५० ते १०५० वर्षांपूर्वीची. बाप बहुधा तिकडचे, आया इकडच्या!

रोगजंतू ओळखणाऱ्या जनुकांचा एक संच आपल्याला आईकडून मिळतो, एक बापाकडून. दोन्ही निराळे असले म्हणजे जंतूंची ओळख अधिक पटते. साथीत असा माणूस तरण्याचा संभव जास्त, आणि तरलेल्यांचीच मुले पुढे वाढतात. या किनाऱ्यावरच्या साथी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आयांनी त्या घरांत काय आणले असेल, ते यावरून ताडावे. (आमच्या काकूंना हे सांगितले, त्या पुन्हा पत्रिकेकडे वळल्या.)

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हटले, "दोन्हीकडचा."

"आजीला सांगतो," म्हणत तो पळाला.